‘वरीलप्रमाणे’ नावाचा लेखक

माझ्या गावच्या वाचनालयाला शंभर वर्षे पूर्ण होत होती आणि स्मरणिकेच्या पहिल्या पानासाठी अध्यक्षांना एक आकडा हवा होता: आपल्या वाचनालयात एकूण लेखक किती? पुस्तके किती, हे दाखल नोंदवहीतील शेवटच्या क्रमांकावरून सांगता येत होते आणि सभासद किती, हे वर्गणीच्या पावत्यांवरून. लेखक मात्र कोणी कधी मोजलेच नव्हते. नोंदवह्यांतला मजकूर तीन-चार विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या सुट्ट्यांत बसून एक्सेलमध्ये उतरवून ठेवला होता. मी पुण्यात राहते आणि संगणकाच्या प्रणाली लिहिण्यावर माझे पोट चालते, हे गावात ठाऊक असल्यामुळे ती फाइल माझ्याकडे आली. सुमारे अकरा हजार ओळी होत्या. ‘एका ओळीचे काम आहे, आज रात्री कळवते,’ असे मी फोनवर म्हणाले आणि ते वाक्य ग्रंथपाल बाईंनी पुढचे तीन महिने मला अधूनमधून ऐकवले.

एका ओळीचे काम ते खरोखरच होते. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला एक ओळ असते: दाखल क्रमांक, दिनांक, ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, किंमत आणि शेवटी शेरा. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती आल्या तर पाचांना पाच निराळे दाखल क्रमांक पडतात. त्यामुळे संपूर्ण ओळ पाहिली तर अकरा हजारांत पुनरावृत्ती एकही सापडत नाही आणि नुसता ग्रंथनामाचा रकाना पाहिला तर ती पदोपदी सापडते. म्हणून ‘पुनरावृत्ती काढा’ ही आज्ञा अपुरी असते. कोणत्या रकान्यापुरती, हे सांगितल्याखेरीज तिला अर्थच येत नाही. मला लेखकाचा रकाना हवा होता. पायथन या संगणकभाषेत नोंदींच्या यादीतून तो रकाना उचलून ‘सेट’मध्ये ओतला की प्रत्येक नाव एकदाच उरते, तक्त्यांत साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेत ‘डिस्टिंक्ट’ हा एक शब्द लिहिला की तेच होते, आणि २००७ च्या एक्सेलपासून तर त्यासाठी बटणच आहे.

त्या एका ओळीच्या आत काय चालते, ते मला या धंद्यात येण्याआधीपासून आवडते. अगदी भाबडी रीत म्हणजे प्रत्येक नाव इतर प्रत्येक नावाशी ताडून पाहणे. अकरा हजार नावांच्या जोड्या सहा कोटी चार लाख चौऱ्याण्णव हजार पाचशे होतात. आजच्या यंत्राला त्या जड नाहीत, परंतु नावे दहापट झाली की जोड्या शंभरपट होतात आणि मग ती रीत कामातून जाते. दुसरी रीत शहाण्या कारकुनाची: आधी सगळी नावे अकारविल्हे लावायची, म्हणजे सारखी नावे शेजारी येतात आणि प्रत्येकाने फक्त आपल्या शेजाऱ्याकडे पाहिले तरी पुरते. युनिक्स या संगणकप्रणालीतील ‘युनिक’ ही आज्ञा नेमकी एवढेच करते. ती शेजाऱ्यापलीकडे पाहत नाही. आधी क्रम लावला नसेल तर लांब बसलेल्या जुळ्यांना ती खुशाल दोन माणसे समजते आणि नवशिक्याची तिच्याशी पहिली ओळख बहुधा या फसवणुकीतूनच होते.

तिसरी रीत मला सर्वांत देखणी वाटते. टपाल कचेरीत पत्रे लावण्यासाठी खणांची मांडणी असते, तशी कल्पना करावी. नावातील अक्षरांवर ठरावीक आकडेमोड करून एक संख्या काढायची आणि त्या संख्येच्या खणात ते नाव टाकायचे. नवे नाव आले की सगळी मांडणी धुंडाळायची गरज नाही. त्याची संख्या काढायची, तो एकच खण उघडायचा, नाव तिथे आधीच असेल तर सोडून द्यायचे, नसेल तर ठेवायचे. दोन निराळी नावे योगायोगाने एकाच खणात आली तर तेवढ्यापुरती ती अक्षरशः ताडून पाहायची. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ साली एका अंतर्गत टिपणात ही युक्ती मांडली आणि आज पायथनचा सेट, जावा या दुसऱ्या संगणकभाषेचा हॅशसेट ही सारी त्याच टिपणाची नातवंडे आहेत. अकरा हजार नावे, अकरा हजार वेळा खण उघडणे, आणि काम संपले.

मात्र या खणांना एक अट आहे, आणि ती जावा शिकवणारे पहिल्या महिन्यातच घोकून घेतात: ज्या दोन वस्तू तुम्ही ‘एकच’ मानणार आहात, त्यांची संख्याही एकच निघाली पाहिजे. नाहीतर त्या दोन वेगळ्या खणांत जाऊन बसतील आणि त्यांची कधी गाठच पडणार नाही. म्हणजे ‘एकच’ कशाला म्हणायचे, हे खण उघडण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. मी ते ठरवलेले नव्हते. न ठरवता काम केले की यंत्र स्वतःची व्याख्या लावते आणि ती व्याख्या फार कडक असते: यंत्रात प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला जो सांकेतिक अंक असतो, तो एक एक अंक जुळला तरच एक.

त्या रात्री आकडा आला तो चार हजारांहून जास्त. तो मला खटकला. अकरा हजार पुस्तकांच्या तालुक्याच्या वाचनालयात, जिथे लोकप्रिय कादंबरीकारांची दहा-दहा पुस्तके आहेत, तिथे सरासरी तीन पुस्तकांमागे एक नवा लेखक येणे संभवत नव्हते. म्हणून मी कोणत्या लेखकाची किती पुस्तके आहेत, ते उतरत्या क्रमाने मांडले. सर्वांत वर जे नाव आले ते मी आधी कधीही ऐकले नव्हते. चारशेच्या वर पुस्तके नावावर असलेले ते लेखक होते ‘वरीलप्रमाणे’.

हसून झाल्यावर माझ्या लक्षात आले की विद्यार्थ्यांची यात काडीचीही चूक नव्हती. शाईने नोंदी करणाऱ्या जुन्या ग्रंथपालांनी एकाच लेखकाची सात पुस्तके एका गठ्ठ्यात आली की पहिल्या ओळीत नाव आणि खालच्या सहा ओळींत ‘वरीलप्रमाणे’ असे लिहिले होते. कुठे ‘सदर’, कुठे ‘तोच’, कुठे नुसती दोन टिंबे. मुलांनी जे दिसले ते इमानाने टंकले. कागदावर त्या शब्दाला अर्थ होता, कारण कागदावर वरची ओळ वरच राहते. मी ती यादी सेटमध्ये ओतली तेव्हा क्रम नाहीसा झाला. सेटला क्रमाशी देणेघेणे नसते, आणि क्रम गेल्याबरोबर ‘वरील’ या शब्दाच्या वर काहीच उरले नाही. पायथनच्या डिक्शनरीने, म्हणजे प्रत्येक किल्लीपुढे एक मूल्य ठेवणाऱ्या साठ्याने, २०१८ साली आलेल्या ३.७ आवृत्तीपासून, घातलेला क्रम राखण्याची हमी दिली आहे. नावे तिच्यात घालून वेगळी केली तर जे नाव प्रथम आले ते प्रथम राहते. पण त्यानेही हा घोटाळा सुटला नसता. आधी प्रत्येक ‘वरीलप्रमाणे’च्या जागी वरच्या ओळीतील खरे नाव उतरवायचे आणि मगच बाकी सगळे करायचे, एवढा एकच मार्ग होता. ती चारशे पुस्तके आपापल्या धन्यांकडे परत गेली.

त्यानंतर लेखनभेदांचा मुलूख लागला. ‘वि.वा. शिरवाडकर’, ‘वि. वा. शिरवाडकर’, ‘शिरवाडकर वि. वा.’, ‘विष्णु वामन शिरवाडकर’, ‘वि वा शिरवाडकर’ असे पाच जण माझ्या यादीत शेजारी-शेजारी नांदत होते. टिंबे, मोकळ्या जागा आणि आडनाव आधी की नंतर, ही भांडणे सोडवणे अवघड नाही; प्रत्येक नावाचे एक सोवळे रूप तयार करायचे आणि तुलना त्या रूपांची करायची. मूळ नाव तसेच ठेवावे, हे मी अनुभवाने शिकले आहे. जे पुसले ते परत आणता येत नाही.

परंतु देवनागरीत काही भांडणे अशी असतात की दोन्ही पक्ष डोळ्यांना एकच दिसतात. ‘कुऱ्हाडे’ आणि ‘कुर्‍हाडे’ ही दोन आडनावे पाहावीत. वाचणाऱ्याला यांत काही फरक दिसणार नाही, आणि तरी संगणकाच्या दृष्टीने ती वेगळी आहेत. त्यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो: खाली टिंब असलेला स्वतंत्र सांकेतिक अंकाचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या र चा पाय मोडून त्याच्यामागे एक अदृश्य, शून्य रुंदीचे जोडचिन्ह ठेवायचे. हे सांकेतिक अंक ठरवून देणाऱ्या युनिकोड या जागतिक प्रमाणाने सममूल्य मानलेल्या रूपांना एका रूपात आणण्याची प्रमाणीकरणाची सोय बहुतेक संगणकभाषांच्या तयार साधनांत असते, पण ती या दोन कुऱ्हाडेंना एक करत नाही. अदृश्य चिन्ह तिला अर्थपूर्ण वाटते. ‘ॲड.’ लावणाऱ्या वकील लेखकांचेही तसेच झाले होते. ॲ या अक्षराला स्वतःचा सांकेतिक अंक मिळाला तो २००८ सालच्या युनिकोड ५.१ मध्ये, तोवर, आणि सवयीने त्यानंतरही, लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवत आले आहेत. आणि विसर्गाचे तर विचारूच नये. आपल्यापैकी निम्मे लोक विसर्गाच्या जागी इंग्रजी कळफलकावरील अपूर्णविराम दाबतात. विभावरी शिरूरकर यांचा १९३३ सालचा ‘कळ्यांचे निःश्वास’ आमच्या यादीत तीन वेगळी पुस्तके म्हणून नांदत होता: एकदा खऱ्या विसर्गासह, एकदा अपूर्णविरामासह आणि एकदा दोन्हींवाचून.

उलट जिथे डोळ्यांना फरक दिसतो तिथे यंत्राला तो दिसत नाही, अशीही उदाहरणे आहेत. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल, तसेच दोन वळणांचे श, यांना सांकेतिक अंक एकच आहे. तो केवळ टंकाचा फरक. बाईंना छापील यादीतील हिंदी वळणाचा श फार खुपत होता आणि ‘हा वेगळा धरला गेला असेल’ अशी त्यांना खात्री होती. नव्हता.

ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मी सुरुवातीला उद्धटपणा केला, हे कबूल करते. ‘विष्णु’ आणि ‘विष्णू’, ‘हरि’ आणि ‘हरी’ यांत मी पहिले रूप अशुद्ध धरून सगळीकडे दुसरे केले. बाईंनी नोंदवह्या माझ्यापुढे उघडून ठेवल्या. जुन्या नोंदवह्यांत, उत्तम वळणदार अक्षरात, सर्वत्र ‘विष्णु’ होते. साठीच्या दशकात हात बदलला आणि ‘विष्णू’ सुरू झाले. १९६२ साली राज्य शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले आणि व्यक्तिनामेही त्यात आली. म्हणजे ज्याला मी टंकनाची चूक समजत होते, तो एका ग्रंथपालाने प्रामाणिकपणे पाळलेला नियम होता, आणि आधीच्या ग्रंथपालानेही आपल्या काळाचा नियमच पाळला होता. तुलनेसाठीचे रूप एक केले, नोंदीतील रूप मात्र मी परत होते तसे ठेवले.

इथवरची कामे यंत्र करू शकते, आणि चार हजारांचा आकडा अडीच हजारांच्या आसपास उतरला तोही याच कामांनी. पुढे मी जे केले त्याची मला आजही थोडी लाज वाटते. नावांतील साम्य मोजण्याचे एक प्रसिद्ध माप आहे. सोव्हिएत गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी ते १९६५ साली मांडले. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किती अक्षरे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, ती संख्या म्हणजे त्या दोन शब्दांतील अंतर. मी ठरवले की अंतर दोन किंवा त्याहून कमी असेल तर माणूस एक. पु. ल. देशपांडे यांचे नाव मोकळ्या जागा सोडून आणि न सोडता अशा दोन परींनी लिहिले तर त्या दोहोंतील अंतर दोन भरते. त्यामुळे हा नियम मला वाजवी वाटला. प्रणालीने निमूटपणे पु. ल. देशपांडे आणि पु. य. देशपांडे यांना एक माणूस केले. अंतर एक.

बाईंनी ती यादी वाचताना चष्मा काढला. ‘अगं, पु. य. वेगळे, नागपूरकडचे. कादंबऱ्या आहेत त्यांच्या आपल्याकडे, वरच्या फळीवर.’ मग पान उलटून त्या थांबल्या. ‘आणि इथे तू कुसुमाग्रज आणि शिरवाडकर दोन माणसे ठेवली आहेस.’

ठेवली होती खरी, कारण त्या दोन नावांमध्ये कोणतेही माप लावले तरी साम्य सापडत नाही. कविता कुसुमाग्रजांच्या नावावर आणि नाटके वि. वा. शिरवाडकरांच्या, हे दहावीच्या मुलालाही ठाऊक असते, आणि अक्षरांची अंतरे मोजणाऱ्या प्रणालीला ते जन्मात कळणार नाही. मराठीत तर हा प्रकार अपवादाचा नाही, रीतीचाच आहे. राम गणेश गडकरी नाटकांवर स्वतःचे नाव घालतात, कवितेत गोविंदाग्रज होतात आणि विनोदात बाळकराम. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेत आरती प्रभु होतात. शांता शेळके काही गीतांपुरत्या डॉ. वसंत अवसरे झाल्या होत्या. कृष्णाजी केशव दामले हे केशवसुत आणि प्रल्हाद केशव अत्रे हे केशवकुमार. इथे टोपणनावांची पहिली तीन अक्षरे एक आणि माणसे दोन. एका विद्यार्थ्याने एका ओळीशेजारी शेरा लिहिला होता, ‘लेखकाचे नाव अपूर्ण’. ते नाव ‘बी’ असे होते. नारायण मुरलीधर गुप्ते यांनी स्वतःसाठी निवडलेले टोपणनाव एवढेच होते, पूर्णच होते. माझ्या प्रणालीने मात्र दोन अक्षरांहून लहान नावे कचरा म्हणून गाळण्याचा नियम मीच घातल्यामुळे त्यांना बाहेर काढले होते.

मी ते माप काढून टाकले. त्याऐवजी प्रणालीने फक्त संशयित जोड्या पुढे ठेवाव्यात आणि निकाल बाईंनी द्यावा, अशी व्यवस्था केली. दर रविवारी दुपारी मी फोनवर जोड्या वाचत असे आणि बाई ‘एक’ किंवा ‘दोन’ म्हणत. अडले की कपाटातून शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची काढत. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा दोन कालखंडांची ती सूची त्या माणसाने जवळजवळ एकहाती उभी केली, तीही चिठ्ठ्यांवर. पुनरावृत्ती काढण्याची एखादी ओळ त्यांना कुठून मिळणार? हा विचार त्या रविवारांत माझ्या मनात पुष्कळदा येऊन गेला.

एका रविवारी मात्र बाईंनी निकाल दिला नाही. विभावरी शिरूरकर, मालती बेडेकर आणि बाळूताई खरे या तीन नावांची माणसे एक की तीन? माणूस एकच, यात वाद नाही; बाळूताई खरे हे माहेरचे नाव, मालती बेडेकर हे लग्नानंतरचे आणि विभावरी शिरूरकर हे लेखनाचे. पण त्या काळी हे नाव घेतले होते ते ओळख लपवण्यासाठीच, आणि पुस्तक आल्यावर विभावरी कोण, यावरून महाराष्ट्रात वादळ उठले होते. ‘त्या वेळी आपल्या वाचनालयाने ही तीन नावे एक धरली असती तर?’ असे बाई म्हणाल्या. एकाच बाईचे नाव एकदा तिने स्वतः बदलले, एकदा लग्नाने बदलले. सूचीकाराने त्यातले कोणते खरे मानायचे? अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटर यांनी १८७६ साली सूचीची जी उद्दिष्टे सांगितली, त्यांत अमुक लेखकाचे वाचनालयात काय काय आहे ते दाखवणे, हे एक होते. त्यासाठी तिन्ही नावे एकत्र यायला हवीत. पण वाचक जे नाव घेऊन खिडकीशी येतो, तेही सूचीत सापडायला हवे.

यातून सुचले ते अगदी साधे होते. एका तक्त्यात नोंदीतील नाव जसेच्या तसे. दुसऱ्या तक्त्यात व्यक्ती, प्रत्येकीला एक क्रमांक. आणि मध्ये कोणते नाव कोणत्या व्यक्तीचे, हे सांगणारी जोडणी. काही पुसायचे नाही, काही बदलायचे नाही. चुकीची जोडणी झाली तर ती जोडणीच सोडवता येते. वेगळी नावे मोजायची तर पहिला तक्ता मोजावा, वेगळी माणसे मोजायची तर दुसरा.

याच तक्त्यांत मला उलटी चूकही सापडली, आणि ती अधिक भयंकर होती, कारण ती कोणतीही यादी दाखवत नाही. दोन नावे वेगळी राहिली तर ती निदान डोळ्यांपुढे असतात. दोन माणसे एका नावाखाली गेली तर एक माणूस गुपचूप नाहीसा होतो. आमच्या गावातील एका कीर्तनकारांनी आख्यानांचा एक संग्रह छापला होता. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे त्यांचे स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव अशी तिन्ही नावे त्यांच्या नातवात जशीच्या तशी परत आली होती. मधल्या पिढीत आद्याक्षरे उलटतात आणि तिसऱ्या पिढीत सुलट होतात. नातू गणिताचे शिक्षक आणि दहावीच्या सराव-प्रश्नसंचांचे लेखक. माझ्या यादीप्रमाणे एकाच गृहस्थांनी आख्याने आणि बीजगणित दोन्ही लिहिले होते आणि त्यांचे लेखन साठ वर्षे चालले होते. मला ते कौतुकास्पद वाटले होते.

संतवाङ्मयाच्या कपाटाजवळ हाच प्रश्न फार जुना आहे. अभंगाच्या शेवटी येणारी ‘नामा म्हणे’ ही मुद्रा म्हणजे एका अर्थाने लेखकाचा रकानाच. तेराव्या-चौदाव्या शतकातील नामदेवांची ती मुद्रा आहे, आणि एकनाथांच्या काळातील विष्णुदास नामा यांचीही. दोघांच्या रचना गाथेत एकमेकींत मिसळल्या गेल्या आणि त्या वेगळ्या करण्यासाठी अभ्यासकांना भाषा, संदर्भ, पोथ्या असे नाना पुरावे तपासावे लागले. मुद्रा एक म्हणून माणूस एक धरला, एवढेच तिथे झाले होते.

रिकाम्या जागांचे काय करायचे, हा प्रश्न तुलनेने कोरडा आहे, पण त्याने माझी एक संध्याकाळ खाल्ली. पोथ्या, पंचांगे, जुने दिवाळी अंक यांच्या ओळीत लेखकाची जागा मोकळी होती. एसक्यूएलमध्ये मोकळ्या जागेला नल म्हणतात आणि नल हे नलाच्या बरोबर आहे का, असे विचारले तर उत्तर ‘माहीत नाही’ असे येते. हे तर्काला धरून आहे. दोन अनामिक लेखक एकच आहेत असे कोण सांगणार? परंतु डिस्टिंक्ट लावताना तीच भाषा सगळ्या नलांना गोळा करून एकच ओळ करते, आणि वेगळी मूल्ये मोजायला सांगितली तर नलांना मोजतच नाही. यादीतील ओळी मी मोजल्या आणि मोजणीचा आकडा पाहिला, त्यांत एकाचा फरक होता. तो एक म्हणजे शेकडो पोथ्यांचे सगळे अनाम कर्ते मिळून. एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांत साठवणाऱ्या विदासंचाची गणिती कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या तक्त्यात पुनरावृत्तीला जागाच नव्हती, कारण गणितातील संचात एक घटक दोनदा नसतो. पुढे १९७४ साली चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्या कल्पनेवर जी भाषा रचली, तीच पुढची एसक्यूएल, तिने पुनरावृत्ती राहू दिली आणि काढायची असेल त्याने तसे सांगावे, असे ठरवले. दर प्रश्नाला ती काढण्याचा खर्च कोण करणार? व्यवहार म्हणून ते योग्यच होते. त्यामुळे तेव्हापासून ते सांगण्याचे काम आपल्याकडे आले.

स्मरणिकेसाठी अध्यक्षांना आणखी एक गोष्ट सुचली: प्रत्येक लेखकाचे वाचनालयात आलेले पहिले पुस्तक. एकाच व्यक्तीच्या अनेक नोंदींतून एक निवडायची, म्हणजे पुन्हा तेच काम. मी व्यक्तिक्रमांकाला किल्ली करून नोंदी डिक्शनरीत भरल्या आणि नंतरची नोंद आधीच्या नोंदीच्या जागी बसत गेली; सगळ्यांची शेवटची पुस्तके पहिली म्हणून छापायला जाणार होती. ती चूक मुद्रितशोधनात बाईंनी पकडली, कारण साने गुरुजींचे पहिले पुस्तक वाचनालयात कोणत्या वर्षी आले, ते त्यांना तोंडपाठ होते.

शेवटी एक नोंद उरली. सर्व ‘वरीलप्रमाणे’ आपापल्या वरच्या ओळीला जोडले गेले होते, एक सोडून. ती ओळ पानाच्या अगदी माथ्यावर होती आणि तिच्या आधीचे पान नोंदवहीत नव्हते. शिवणीशी कसर लागून ते केव्हाच गळून पडले होते. ग्रंथनामाच्या रकान्यात ‘भाग दुसरा’ एवढेच लिहिलेले, कारण तेही नाव वरूनच चालत आले असावे. पुस्तक काढून पाहावे तर शेऱ्यात ‘गहाळ’. हा लेखक आमच्या यादीत आधीच कुठेतरी असेल, किंवा त्याचे एवढे एकच पुस्तक असेल. आकडा त्या मानाने एकाने कमी किंवा जास्त होणार होता. मी त्याला व्यक्तिक्रमांक द्यायचा की नाही, हे फोनवर विचारले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि ‘दे’ म्हणाल्या.

मी अध्यक्षांना नेमका आकडा कळवला, एकेरी घरापर्यंत. स्मरणिका छापून हाती आली तेव्हा पहिल्या पानावर तो आकडा नव्हता. तिथे ‘सुमारे अठराशे लेखक’ असे होते, आणि छापखान्यातून परत आलेल्या मुद्रितावर ‘सुमारे’ हा शब्द जांभळ्या शाईने, बाईंच्या अक्षरात वर चढवलेला मी नंतर पाहिला.